रिव्हॉल्व्हरची निगा काडतुसांपासून सुरू होते

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं त्यांच्या निकटवर्तीयांनी तेव्हा सांगितलं. काही जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरची पिन काडतुसाला टेकूनच राहते; असं हत्यार हॅमरवर आपटलं, तर चापाला बोट न लावताही बार उडू शकतो. म्हणून निगा राखायची तर तेलाच्या बाटलीआधी काडतुसांचा विचार करायला हवा: हत्यार रिकामंच ठेवावं. कन्नडच्या घाटाखाली, शेतवस्तीवर राहणारा परवानाधारक म्हणेल, ‘रात्री चोर आला तर भरायला वेळ कुठे?’ काही क्षण जातील, हे खरंच. पण चोर एखाद्या रात्री येईल; घरातली पोरं त्या कपाटाजवळ रोज वावरतात. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत, हेच मला पटतं.

साफसफाईलाही हाच नियम. कानपूरच्या कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मोडून उघडतं आणि काडतुसं मागे उचलली जातात. ‘डोळ्यांना दिसतंच की,’ असं म्हणून भागत नाही, कारण एखादं काडतूस सिलिंडरच्या घरात अडकून राहू शकतं. सहाही घरं उजेडात पाहावीत, बोटाने चाचपावीत आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच ब्रश हाती घ्यावा. ब्रश नळीच्या मागच्या बाजूने घालावा. पुढून घासल्यास तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी, मग कोरडी, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. खिडकी उघडी असावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण नळीतल्या काजळीत शिसं असतं.

‘वर्षानुवर्षं एकही गोळी झाडली नाही, मग साफ कशाला करायचं?’ हा प्रश्न हमखास येतो. गंज गोळी झाडण्याची वाट पाहत नाही. पावसाळी हवा आणि हाताचा घाम त्याला पुरतो. चामड्याचं म्यान तर ओल धरून ठेवतं, म्हणून हत्यार त्यात कायमचं ठेवू नये. उलट, सढळ हाताने ओतलेलं तेल काडतुसात झिरपलं, तर ऐनवेळी बार फुसका निघतो. चाप जड लागला, सिलिंडर हलू लागला किंवा हॅमर नीट अडकत नसेल, तर घरी स्क्रू खोलू नयेत. परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावं.