न हलणारा बाण

तुमच्यासमोर आत्ता संगणक असेल तर एक प्रयोग करून पाहा. पडद्यावर काळी, रिकामी जागा उघडा आणि माऊस भरभर गोल फिरवा. खरं तर एक बाण फिरताना दिसायला हवा. दिसतात मात्र कितीतरी बाण, सुटे सुटे, रिंगणात उभ्या असलेल्या वारकऱ्यांसारखे. आता दोन बाणांच्या मधली जागा बघा. तिथं काय आहे? काहीच नाही. बाण तिथून गेलाच नाही!

त्याहून मोठं नवल असं, की त्यातला एकही बाण हललेला नाही. एक बाण एका जागी उजळला, विझला. दुसरा थोडा पुढे उजळला, विझला. सुटलेला बाण प्रत्येक क्षणी कुठल्या तरी एका जागी स्थिरच असतो, मग तो हलतो कधी, असा प्रश्न झेनो नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला होता. खऱ्या बाणाचं काय ते तत्त्वज्ञ ठरवोत, पण संगणकाच्या पडद्यावरचा बाण अगदी झेनोच्या म्हणण्याप्रमाणे वागतो. पडद्यावर काहीही हलत नाही. दिसते ती सगळी हालचाल तुमच्या डोक्यात घडते.

गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायला गेलात की खोक्यांवर आकडे दिसतात: ६०, १४४, २४०, ३६० हर्ट्झ. हा रिफ्रेश रेट, म्हणजे एका सेकंदात पडदा किती वेळा नवं चित्र मांडू शकतो त्याची संख्या. ६० हर्ट्झच्या पडद्यावर अर्ध्या सेकंदात माऊसची एक फेरी मारलीत, तर रिंगणात ३० बाण उभे राहतात. १४४ हर्ट्झवर ७२, २४० वर १२०. मॉनिटर निवडणं म्हणजे त्या मधल्या मोकळ्या जागा किती भरायच्या ते ठरवणं.

मोकळी जागा एवढी महत्त्वाची असते का? क्रिकेटचं उदाहरण घेऊ. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. त्याची सेकंदाला ६० चित्रं काढली, तर एका चित्रातून दुसऱ्यात येईपर्यंत चेंडू ६५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. स्टंपची उंचीच मुळी ७१ सेंटीमीटर! म्हणजे चेंडू जवळपास स्टंपएवढ्या ढांगा टाकत येतो. २४० चित्रं काढली की ढांग १६ सेंटीमीटरवर येते. फलंदाजाला कुठला चेंडू खेळायला सोपा जाईल?

पण मग ६० हा आकडा आला तरी कुठून? अमेरिकेतली घरगुती वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते. तिथल्या सुरुवातीच्या टीव्हींनी विजेच्या तालावरच चित्रं दाखवायला सुरुवात केली, म्हणजे विजेच्या गुणगुणीचे पट्टे पडद्यावर सरकत राहणार नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्या दूरदर्शनचा ताल ५० चा. संगणकांच्या पडद्यांनी पुढे अमेरिकन ६० वारशात घेतला. तुमच्या टेबलावरचा साधा मॉनिटर आजही एका जुन्या वीजघराच्या ठेक्यावर चालतो!

चित्रं स्थिर, हालचाल डोक्यातली, ही किमया महाराष्ट्राला नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. बघणाऱ्यांसमोर महिनाभराची वाढ काही क्षणांत उलगडली. पडद्यावर रोप वाढलं नाही, नुसती चित्रं बदलली. वाढ पाहिली ती प्रेक्षकांच्या मेंदूनं. पुढे बोलपट आले आणि सेकंदाला २४ चित्रं हे प्रमाण पक्कं झालं. प्रोजेक्टरची झडप मात्र प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवायची. कारण २४ चित्रं हालचालीला पुरतात, पण २४ वेळा लुकलुकणारा उजेड डोळ्यांना सोसत नाही.

इथूनच एक समज पसरला: डोळ्याला म्हणे २४, फार तर ६० चित्रंच दिसतात. डोळा म्हणजे काही सेकंदाला ठरावीक फोटो काढणारा कॅमेरा नव्हे. तो सतत उघडा असतो आणि सतत फिरत असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असं दिसलं, की ठळक कडा असलेलं चित्र सेकंदाला ५०० वेळा लुकलुकलं तरी माणसांना त्याचे परिणाम जाणवतात. ५०० वेळा!

आता सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. गेममध्ये शत्रू पळत जाताना धूसर दिसतो, तो धूसरपणा पडद्यावर नसतोच. जलद शटरनं पडद्याचा फोटो काढा, शत्रू बऱ्यापैकी रेखीव मिळेल. मग धूसर काय झालं? रांगोळीचा पाट आठवा. चिमटीतून रांगोळी एकाच जागी पडू द्या आणि खालचा पाट हळूच सरकवा. ठिपक्याऐवजी रेघ उमटते. पळणाऱ्या शत्रूच्या मागे तुमची नजर अखंड, न थांबता सरकत असते. चित्र मात्र सेकंदाचा साठावा भाग एकाच जागी उभं राहतं. चित्र ही चिमूट, डोळ्यातला पडदा हा पाट. ठिपक्याची रेघ तुमच्या डोळ्यात ओढली जाते!

या रेघेची लांबी चक्क मोजता येते. फुल एचडी पडदा १९२० ठिपके रुंद असतो. शत्रू दोन सेकंदांत तो ओलांडतो, म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. ६० हर्ट्झवर रेघ १६ ठिपक्यांची, १२० वर ८, २४० वर ४. रिफ्रेश रेट दुप्पट केला की रेघ निम्मी. दूरच्या शत्रूचं डोकंच जेमतेम १६ ठिपक्यांचं असेल, तर ते रेघेत हरवलं की राहिलं, याचा निकाल या आकड्यावर लागतो. शरीरशास्त्रातली ही गोष्ट आणि आपण ती दुकानात विकत घेतो!

मात्र पडद्यानं नवं चित्र मागवलं म्हणून ठिपके लगेच बदलत नाहीत. का, ते समजायला आपल्याला गाजराकडे जावं लागेल. हो, गाजराकडेच. १८८८ साली प्राग शहरात फ्रिड्रिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या एका पदार्थावर काम करत होता. तो पदार्थ दोनदा वितळला! १४५ अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८ अंशांच्या पुढे तो द्रव एकदम नितळ झाला. मधली ती गढूळ अवस्था द्रवासारखी वाहणारी, तरीही स्फटिकासारखी शिस्त पाळणारी. तोच द्रवरूप स्फटिक, म्हणजे ‘एलसीडी’मधला ‘एलसी’.

तुमच्या मॉनिटरमध्ये हे रेणू काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीसारखं काम करतात. वीज दिली की वळतात आणि मागचा उजेड अडवतात किंवा सोडतात. पण वळायला त्यांना वेळ लागतो, आणि तोच रिस्पॉन्स टाइम. १४४ हर्ट्झवर एका चित्राच्या वाट्याला ६.९ मिलिसेकंद येतात. रेणू त्याच्या आत वळले नाहीत, तर जुन्या चित्राची सावली नव्यामागे फरफटते. यावर अभियंत्यांनी झोपाळ्याची युक्ती काढली. जड झोपाळा लवकर हलवायचा तर पहिला झोका जोरात द्यायचा. तशी ठिपक्याला क्षणभर गरजेपेक्षा जास्त वीज देतात. हा ओव्हरड्राइव्ह. झोका जास्तच झाला की ठिपका पुढे जाऊन परत येतो आणि वस्तूमागे विचित्र उजळ कडा दिसते. खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा बऱ्याचदा असा टोकाचा झोका देऊनच मिळवलेला असतो. म्हणून ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवून पाहणं शहाणपणाचं.

पॅनलचे प्रकार आता आपोआप कळतील. टीएन चपळ, पण बाजूनं पाहिलं की रंग फिके. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद, पण अंधाऱ्या दृश्यात त्याचे रेणू आळसावतात आणि काळपट फराटे दिसतात. आयपीएसचे रंग चांगले आणि वेगही आता पुरेसा, त्यामुळे बहुतेकांना तोच सोयीचा. आणि ओएलईडी? तिथं खिडकीच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा आहे, तो मिलिसेकंदाच्या आत पेटतो, विझतो. रेणू वळायची वाटच पाहायची नाही! किंमत मात्र चढी, आणि एकच चित्र तासन्‌तास ठेवलं तर त्याचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका.

आणखी एक गुपित. पडदा अख्खं चित्र एका दमात बदलत नाही. आपण पानावर लिहितो तसा तो वरून खाली, ओळीमागून ओळ लिहीत जातो. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीच्या काळातली ही सवय आजही टिकून आहे. ६० हर्ट्झवर तळाची ओळ वरच्या ओळीनंतर जवळपास १६ मिलिसेकंदांनी येते. एकाच पडद्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी दोन वेगळे क्षण नांदत असतात!

त्यामुळेच एक भांडण उभं राहतं. ग्राफिक्स कार्ड चित्रं बनवतं, पण त्याचा वेग सारखा नसतो. मोकळं मैदान असेल तर भराभर, स्फोट झाला की सावकाश. पडदा मात्र मुंबईच्या लोकलसारखा. वेळ झाली की सुटणार. पडदा अर्धं पान लिहून झाला असताना नवं चित्र आलं, तर वर जुनं आणि खाली नवं, मधे फाटल्यासारखी रेघ. हेच टिअरिंग. चित्राला पुढच्या लोकलसाठी फलाटावर थांबवलं, तर फाटत नाही, पण उशीर होतो. त्या व्यवस्थेला व्ही-सिंक म्हणतात.

यावर तोडगा कोणता? लोकलऐवजी शेअर रिक्षा! भरली की निघाली. चित्र तयार झालं की पडदा ते लगेच दाखवतो आणि पुढच्या चित्राची वाट बघतो. २०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक जाहीर केलं. पुढच्या वर्षी डिस्प्लेपोर्टच्या नियमांत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक आलं आणि त्यावर एएमडीचं फ्रीसिंक उभं राहिलं. विजेच्या ठेक्यावर चालत आलेला पडदा पहिल्यांदा चित्रकाराच्या लयीत चालू लागला. मॉनिटर घेताना ही सोय असलीच पाहिजे.

मग किती हर्ट्झ घ्यायचे? वाचणारा वेळ बघा. ६० वरून १४४ वर गेलात की प्रत्येक चित्रामागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यावर पावणेतीन. २४० वरून ३६० वर जेमतेम दीड. पहिली उडी सगळ्यात मोठी आणि बहुधा सगळ्यात स्वस्त. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे, डोळ्याची पापणी लवायच्या आत निकाल लावणारे खेळ जीव लावून खेळत असाल, तर २४० आणि त्यापुढच्या आकड्यांना अर्थ आहे. कथा, निसर्ग, भटकंती यांत रमणारे असाल, तर १४४ किंवा १६५ वर थांबा आणि उरलेले पैसे रंगांवर, रेखीवपणावर घाला. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स जोडणार असाल, तर ती १२० च्या वर जात नाहीत.

शिवाय चित्रं बनवणाऱ्याची ताकदही बघा. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके. १४४ हर्ट्झवर ते सेकंदाला जवळपास ३० कोटी होतात. फोर-के आणि २४० हर्ट्झ म्हटलं की सेकंदाला जवळपास २०० कोटी, म्हणजे भारताच्या लोकसंख्येहून जास्त ठिपके, दर सेकंदाला, नव्यानं रंगवायचे! ग्राफिक्स कार्डाला ते झेपणार नसेल, तर मोठा आकडा खोक्यावरच राहतो. आणि हा लोंढा वाहतो एका केबलमधून. २५६० बाय १४४० ठिपक्यांचा पडदा १४४ हर्ट्झवर चालवायचा तर सेकंदाला किमान १२ अब्ज बिट लागतात. जुन्या एचडीएमआय १.४ मधून जेमतेम ८ अब्ज जातात. म्हणून डिस्प्लेपोर्ट किंवा नवं एचडीएमआय वापरा, आणि दोन्ही टोकांची पोर्टं तेवढ्या ताकदीची आहेत ना, ते पाहा.

मॉनिटर घरी आणून जोडलात की एक काम लगेच करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या प्रगत पर्यायांत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. नवा मॉनिटर कित्येकदा ६० वरच सुरू होतो, आणि त्याच्या मालकाला ते महिनोन्‌महिने कळत नाही.

मग काळी जागा उघडा आणि माऊस पुन्हा गोल फिरवा. जिथं ३० बाण होते तिथं आता ७२ असतील, रिंगण दाट झालेलं असेल आणि मधल्या मोकळ्या जागा पार आक्रसलेल्या असतील. यातलाही एकही बाण हललेला नाही. तरी तुम्हाला एक बाण सरसर फिरताना दिसतो आहे, कारण राहिलेल्या जागा अजूनही तुम्हीच भरताय.