घरी बसून संज्ञापनाचे शिक्षण

जबलपूर शहरात दूरसंचाराचे शिक्षण १९४२ सालापासून दिले जात आहे. संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिनचूक कसा पोचवावा, हे तेथील प्रशिक्षण केंद्रात अभियंत्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. परंतु संदेश पोचला म्हणजे तो समजला, असे नव्हे. वाचणाऱ्यास नेमके काय करावयाचे ते कळेल, असे लिहिणे व बोलणे ही वेगळी विद्या आहे. तिला व्यावसायिक संज्ञापन म्हणतात. याच शहरातील चेरीताल वस्तीत राहणारा एखादा पदवीधर ती आता घरी बसून, संगणकाच्या साह्याने शिकू शकतो व तिचे प्रमाणपत्रही मिळवू शकतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. संदेश पाठविणारा, त्याचा मार्ग, मार्गातील व्यत्यय आणि तो घेणारा यांचा त्यात विचार होता. संदेशाचा अर्थ मात्र त्यांनी हेतुपुरस्सर बाजूस ठेवला. तारांच्या व यंत्रांच्या रचनेस तेवढे पुरते. कारखान्यास किंवा रुग्णालयास पुरत नाही. ‘यंत्राबाबत योग्य ती कार्यवाही त्वरित करण्यात यावी’ अशी सूचना फलकावर लागली, तर यंत्र कोणते, कार्यवाही कोणती आणि ती कोणी करावयाची, यांपैकी काहीच कळत नाही. प्रत्येकास ते काम दुसऱ्याचे वाटते. ‘तिसऱ्या यंत्रातील तेल पाळीप्रमुखाने सोमवारी सकाळी ९ च्या आत बदलावे’ असे लिहिले, तर यंत्र बंद पडण्याचा आणि कामगारास इजा होण्याचा संभव कमी होतो.

या अभ्यासक्रमांत हेच शिकवितात: वाचक कोण ते आधी ठरविणे, अहवालाचा निष्कर्ष आरंभी देणे, आकड्यांसाठी कोष्टक की आलेख ते निवडणे, सभेत थोडक्यात बोलणे. अमेरिकेतील विद्यापीठे पदवीनंतरच्या अशा प्रमाणपत्रासाठी बहुधा चार-पाच विषय ठेवतात. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यवस्थेतून लेखनाचे व संज्ञापनाचे सुटे अभ्यासक्रम मिळतात. पाठ विनामूल्य असतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. त्यांपैकी ‘एनपीटेल’च्या अभ्यासक्रमांत १०० पैकी २५ गुण स्वाध्यायांस व ७५ गुण देखरेखीखालील परीक्षेस असतात.

दूर राहून शिकणे ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास आयझॅक पिटमन पोस्टाने लघुलेखन शिकवीत. विद्यार्थी सराव लिहून पाठवीत आणि पिटमन तो दुरुस्त करून परत पाठवीत. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. साधने बदलत गेली. परंतु पिटमन यांच्या पद्धतीचे मर्म पोस्टात नसून दुरुस्तीत होते.

लेखनाच्या शिक्षणात तर हे विशेष खरे आहे. चार पर्यायांतून अचूक उत्तर निवडणे यंत्र तपासू शकते. पण त्यावरून विद्यार्थ्यास अहवाल लिहिता येतो की नाही, हे कळत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. संस्थेस मान्यता आहे काय? प्रमाणपत्राचे श्रेयांक पुढील शिक्षणात धरले जातात काय? आणि विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर शिक्षक वाचून, दोष दाखवून परत देतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर हाती कागद येईल, कसब येईलच असे नाही.

तेथेही एक उपाय उरतो. आपण लिहिलेली सूचना त्या कामाची माहिती नसलेल्या माणसाच्या हाती द्यावी आणि काही न बोलता त्याला ती वाचून काम करू द्यावे. तो जेथे थांबेल, तेथले वाक्य पुन्हा लिहावे.