खर्जाची पेटी : ड्रायव्हरची निवड आणि खर्चाचा अंदाज

तबल्याच्या जोडींत डग्ग्यावर हात पडला म्हणजे तो कानाबरोबर छातीलाहि कळतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली म्हणजे खोलींतील हवाच भरून आल्यासारखी वाटते. तेंच गायन घरांतील लहान स्पीकरवर लावावें, तर शब्द कळतात, सूर कळतात, तबल्याचे बोलहि मोजतां येतात. परंतु डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजविल्यासारखा लागतो आणि तंबोऱ्याचा पाया नाहींसा झालेला असतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं केवळ खालचे स्वर वाजविणारा जो स्वतंत्र स्पीकर जोडतात, त्यास सबवूफर म्हणतात. बाजारांत तो तयार मिळतो. परंतु सुताराकडून पेटी करून घेऊन, अथवा स्वतःच करवत हातांत धरून, तो घरीं बांधणारे हौशी लोकहि आहेत. या हौसेंत पैसा वाया जातो तो बहुधा एकाच चुकीनें. ड्रायव्हर आधीं विकत घेतला जातो. आणि खोली, पेटी व पैसा यांचा विचार मागाहून होतो. हा क्रम उलटा केला पाहिजे.

खालचा स्वर इतका महाग कां पडतो, हें प्रथम समजून घेणें अवश्य आहे. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यांत जोडाच्या तारा सेकंदाला सुमारें १३९ वेळां कंप पावतात व खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें ६९ वेळां. या दर सेकंदाच्या कंपनांनाच हर्ट्झ म्हणतात. मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा साधारणपणें २० हर्ट्झ मानतात. आतां कंपनसंख्या निम्मी झाली, तर पूर्वीचाच जोर राखण्यासाठीं स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. ८० हर्ट्झला जेवढी हवा पुरते, तिच्या चौपट ४० ला, आणि सोळापट २० ला! शिवाय खालच्या स्वरांच्या बाबतींत आपला कान मुळांतच मंद आहे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं तें मोजून दाखविलें. यावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. ४० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारी पेटी बेताच्या खर्चांत होते, आणि मैफलीच्या गायनवादनास ती पुरेशी आहे. त्याखालचें शेवटचें सप्तक मुख्यतः चित्रपटांतील स्फोटांना व गडगडाटाला लागतें, आणि सर्वांत अधिक पैसा तेंच खातें.

ड्रायव्हर म्हणजे येथें मोटार हांकणारा नव्हे. शंकूच्या आकाराचा पडदा, त्याच्या मुळाशीं तारेचें वेटोळें, भोंवतीं लोहचुंबक आणि कडेला पडद्यास झुलतें ठेवणारी पट्टी, एवढ्या यंत्रास हें नांव आहे. वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह मागेंपुढें वाहिला म्हणजे चुंबकाच्या जोरानें पडदा पुढेंमागें होतो. या रचनेस व्यवहार्य रूप देणारा राइस व केलॉग यांचा निबंध १९२५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून साहित्य बदललें; तत्त्व बदललें नाहीं.

परंतु उघडा ड्रायव्हर टेबलावर ठेवून वाजविला, तर त्यांतून खर्ज निघत नाहीं. पडदा पुढें जातो तेव्हां समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाबलेली हवा कडेनें वळून मागें जाते व दोन्हींचा हिशेब जागच्या जागीं फिटतो. म्हणून पाठीमागची हवा कोंडावी लागते. पेटीचें प्रयोजन हेंच. ती दोन प्रकारची करतात. बंद पेटींत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्यास आवरून धरते. एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थानें १९५४ सालीं हीच युक्ति साधून लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. दुसऱ्या प्रकारांत पेटीस एक नळी बसवितात. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली म्हणजे ती आपल्या ठरलेल्या स्वरांत घुमते. तसाच या पेटीचाहि एक स्वर असतो, आणि त्याच्या आसपास ती ड्रायव्हरला मोठें साहाय्य करते. मात्र त्या स्वराच्या खालीं पडद्याचा आधार एकाएकीं सुटतो, आवाज वेगानें ओसरतो आणि पडदा वाजवीपेक्षां अधिक धांवून बिघडूं शकतो. नळीचें माप चुकलें तर फुसफुस ऐकूं येते, ती वेगळीच. म्हणून पहिल्या प्रयत्नाला बंद पेटीच बरी. ती आकारानें लहान होते आणि चूक पोटांत घालते.

पेटी केवढी हवी, हें ड्रायव्हरच्या कांहीं आंकड्यांवरून ठरतें. ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनीं १९७२ पासून, हें गणित व्यवस्थित मांडलें. म्हणून त्या आंकड्यांना थील-स्मॉल आंकडे म्हणतात. पहिला, एफ-एस : मोकळा पडदा स्वभावतः कोणत्या कंपनसंख्येला झुलतो ती. दुसरा, क्यू-टी-एस : धक्का दिलेला झोपाळा किती लवकर थांबतो, तशी पडदा आवरण्याची शक्ति, आंकडा लहान तर आवर अधिक. तिसरा, व्ही-ए-एस : पडद्याच्या झुलत्या पट्टीइतकीच लवचिक असलेली हवा किती लिटर, तें माप. चौथा, एक्स-मॅक्स : पडदा न बिघडतां किती मिलिमीटर धांवूं शकतो ती मर्यादा. ज्या ड्रायव्हरबरोबर हे आंकडे छापलेले मिळत नाहींत, तो कितीहि चकचकीत असला तरी दुकानांतच राहूं द्यावा.

उदाहरणादाखल एक दहा इंची ड्रायव्हर घ्यावा : एफ-एस २५, क्यू-टी-एस ०.४५, व्ही-ए-एस ५० लिटर. पेटीसह एकूण क्यू ०.७ च्या सुमारास असला म्हणजे आवाज सपाट व नेटका येतो. तेव्हां ०.७ ला ०.४५ नें भागावें, उत्तर १.५५६. त्याचा वर्ग २.४२. त्यांतून एक वजा करावा, राहिले १.४२. व्ही-ए-एसचे ५० लिटर त्यानें भागले असतां पेटी ३५ लिटरांची येते. आणि २५ ला १.५५६ नें गुणिलें असतां ती सुमारें ३९ हर्ट्झपर्यंत सरळ उतरेल असें कळतें. आंतून तिन्ही बाजूंनीं तेरा इंच असलेली ही पेटी कोपऱ्यांतल्या तिपाईएवढी होते. आतां बाकीचे आंकडे तेच ठेवून क्यू-टी-एस मात्र ०.६५ धरावा. तेंच गणित तीनशेंहून अधिक लिटर सांगतें, म्हणजे मोठ्या फ्रीजएवढी पेटी! दुकानदाराच्या काउंटरवर हे दोन ड्रायव्हर शेजारीं ठेवले, तर डोळ्यांना कांहींच फरक दिसणार नाहीं.

आतां खोली. घाटकोपरला पंतनगरांत म्हणा, स्टेशनाजवळच्या इमारतींत म्हणा, बैठकीची खोली दहा फूट बाय बारा फूट धरली, तर बारा फुटांच्या भिंतींमध्यें सुमारें ४७ हर्ट्झचा स्वर आपोआप घुमूं लागतो. तो भिंतीपाशीं फुगतो आणि खोलीच्या मध्यावर पोकळ पडतो. त्याखालच्या स्वरांना लहान बंदिस्त खोली थोडाफार हातभारहि लावते. अशा खोलींत आठ किंवा दहा इंची ड्रायव्हर पुरेसा आहे. पंधरा इंची आणणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. पेटीची जागा ठरविण्याची एक बिनखर्ची रीत आहे. पेटी क्षणभर ऐकणाऱ्याच्या खुर्चीच्या जागीं ठेवून गाणें लावावें व भिंतीच्या कडेकडेनें फिरून ऐकावें. जेथें खर्ज सर्वांत समतोल लागेल, तेथें पेटी कायमची न्यावी.

खर्चाचा अंदाज बांधतांना हौशी मनुष्य ड्रायव्हर आणि अॅम्प्लिफायर यांची बेरीज करून थांबतो. लाकूड, सुताराची मजुरी, गोंद, स्क्रू, पॉलिश, तारा, जाळी, रिक्षा आणि झालेल्या चुका यांना त्याच्या वहींत जागाच नसते. म्हणून एकूण रक्कम आधीं ठरवावी आणि शंभर रुपयांमागें अशी वांटणी धरावी : ड्रायव्हरला पस्तीस, अॅम्प्लिफायरला तीस, लाकूड व मजुरीला वीस, किरकोळ सामानाला पांच, आणि उरलेले दहा अडीअडचणीसाठीं राखून ठेवावे. वरील पेटीचें निव्वळ लाकूड, पुढची फळी दुहेरी धरून, सुमारें साडेनऊ चौरस फूट भरतें. परंतु कापतांना आठ फूट बाय चार फुटांच्या तक्त्यापैकीं जवळजवळ अर्धा तक्ता लागतो. मुंबईच्या पावसाळ्यांत साधा एमडीएफ ओल धरून फुगतो. त्यापेक्षां अठरा मिलिमीटरचा चांगला प्लायवुड घ्यावा. आयएस ७१० हा शिक्का पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा असतो. ड्रायव्हरची कडहि फोमची नसून रबराची असावी. दमट हवेंत फोम कांहीं वर्षांत झडून जातो.

अॅम्प्लिफायर घेतांना पीएमपीओ म्हणून छापलेल्या हजारोंच्या आंकड्यांकडे लक्षच देऊं नये. आरएमएस वॅट तेवढे विचारावे. शंभर वॅटचे दोनशें केले तर जोर केवळ तीन डेसिबलनें वाढतो. तेवढाच लाभ तीन डेसिबल अधिक संवेदनशील ड्रायव्हर एकहि वॅट न वाढवितां देतो. ८० हर्ट्झच्या आसपास वरचे स्वर गाळण्याची सोय अॅम्प्लिफायरमध्यें असली, तर वेगळा खर्च वांचतो. दुहेरी वेटोळ्याच्या ड्रायव्हरमध्यें चार-चार ओहमचीं दोन वेटोळीं एकामागून एक जोडलीं तर आठ ओहम होतात, समांतर जोडलीं तर दोन. चार ओहमच्या खालीं न चालणाऱ्या अॅम्प्लिफायरला दोन ओहमचा भार दिला, तर बचतीचा सगळा हिशेब धुरांत जातो.

खरेदीला मुंबईकर जुन्या संवयीनें ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला जातो. कागदोपत्रीं हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. घाटकोपरहून दादरला गाडी बदलून तेथें पोंचतां येतें; मात्र परततांना जड चुंबकाचा डबा हातांत असतो, म्हणून दुपारची वेळ साधावी. बरोबर मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा सेल असावा. आठ ओहमच्या ड्रायव्हरचा रोध मीटरवर सहाच्या आसपास दिसतो, चार ओहमचा तीन-साडेतीन. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनीं समतोल, हळूच दाबावा. आंत खरखर झाली तर वेटोळें चुंबकाला घासत आहे असें समजावें. सेलचें धन टोंक ड्रायव्हरच्या धन खुणेला क्षणभर लावतांच पडदा पुढें आला पाहिजे. मोटारगाड्यांसाठीं केलेले ड्रायव्हर स्वस्त व मुबलक मिळतात. ते वर्ज्य नाहींत. मात्र तेंच गणित त्यांनाहि लावावें.

शेवटचा खर्च रुपयांत मोजतां येत नाहीं. तो शेजाऱ्यांच्या झोंपेंत होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागास दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षां पांच डेसिबलहून अधिक वाढतां कामा नये. परंतु या मोजणींत खालच्या स्वरांना वजनच कमी दिलेलें असतें. ५० हर्ट्झचा स्वर सुमारें तीस डेसिबलनें कमी लेखला जातो. म्हणून मापक निर्दोष ठरवील आणि तरीहि खालच्या मजल्यावरील आजारी वृद्धाची खाट रात्रभर थरथरत राहील. पेटीखालीं रबराचे ठोकळे दिले म्हणजे तिचा थरकांप स्लॅबमध्यें कमी उतरतो. हवेंतून पसरणारा खर्ज मात्र त्यांनीं थांबत नाहीं. त्याला एकच उपाय, तो म्हणजे बेताचा आवाज. पेटी पुरी होतांच तंबोरा लावावा आणि खालच्या मजल्यावर जाऊन स्वतः ऐकून यावें; आवाजाची खूण त्या दिवशींच करून ठेवावी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण पैशाला लागू आहे तशी खोलीलाहि आहे. आधीं खोली मोजावी, मग रक्कम ठरवावी, मग कागदावर पेटी आंखावी, आणि त्या पेटीला शोभेल असा ड्रायव्हर सर्वांत शेवटीं आणावा. असें केलें म्हणजे डग्गा डग्ग्यासारखा वाजतो, खर्जाची तार आपल्या जागीं परत येते, आणि महिनाअखेरीस घरांत कोणाला तोंड लपवावें लागत नाहीं.