सरासरीत न मावणारा पाऊस

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही केंद्रे एकाच मुंबईतली. त्यांची सरासरी पाचशेच्या घरात जाते. पण तेवढा पाऊस ना कुलाब्याने पाहिला, ना पाण्याखाली गेलेल्या, सांताक्रूझलगतच्या कलिन्याने. तरीही दर जूनमध्ये आपले लक्ष एकाच टक्केवारीकडे लागलेले असते. देशाच्या हंगामी पावसाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सर्वसाधारण’ पावसाळा. धरणे, भूजल, धान्याचा अंदाज यांसाठी हा आकडा लागतोच. आपत्तीचा विचार करताना मात्र तो आपल्याला खोटा दिलासा देतो, असे माझे ठाम मत आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातील नोंदी तपासल्या. हंगामी पावसात ठळक वाढ किंवा घट दिसली नाही. पण आतली घडण बदलली होती. मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि दोहोंची बेरीज जवळपास तीच राहिली. यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्या बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता ढगाला आणखी वर रेटते. असा पाऊस पूर्वीही पडत होता, हे खरेच. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्यातच ५७५ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणून तर एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. पन्नास वर्षांच्या नोंदींचे वजन वेगळे असते.

पूर येतो तो मिठीसारख्या नद्या आवळल्यामुळे, आभाळाला दोष कशाला, असे कोणी म्हणेल. नद्या आवळल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली होती. म्हणजे गटार बांधणाऱ्यालाही हंगामाची बेरीज उपयोगी पडत नाही, त्याला तासाचाच हिशेब लागतो.

शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र अजून दिवसाचाच हिशेब आहे. साध्या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून बाटलीत साठलेले पाणी सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतून वाचतात. ते पाऊण तासात पडले की रात्रभर, हे त्या पाण्यावरून कळत नाही. महाराष्ट्रात नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. साठ मिलिमीटर पाऊस तासाभरात कोसळून बांध फुटले, वरची माती ओढ्याला गेली, तरी तो या निकषात बसत नाही. सत्तर मिलिमीटर दिवसभर मुरत पडला तर बसतो. मदतीसाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण रेघ बदलता येते: २०२३ मध्ये राज्य सरकारने सततच्या पावसालाही आपत्ती मानले. महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांमध्ये उभी आहेत. तासाची तीव्रता निकषात आणायची तर सुरुवात त्यांच्यापासूनच करता येईल. तरीही एका मंडळात गावे अनेक असतात आणि ढग एखाद्याच शिवारावर फुटतो. अशा गावासाठी तलाठ्याने बांधावर जाऊन केलेल्या पंचनाम्याला मापकाच्या आकड्याइतकेच वजन मिळायला हवे.