नव्या ब्रेकांचा आवाज

मोटारीला नवे ब्रेक-पॅड बसविल्यावर जी कर्कश किंचाळी ऐकू येते, तिच्याबद्दल कारागिराची हजेरी घेण्यापूर्वी, तो ध्वनी नेमका कोणत्या क्षणी उत्पन्न होतो याची तपासणी करणे अगत्याचे आहे. पेडल दाबताच उमटणारी तीक्ष्ण शीळ म्हणजे पॅड डिस्कला क्षणमात्र चिकटून निसटण्याचे, सेकंदाला हजारो वेळा घडणारे कंपन होय. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरताना हेच घडते. दोन्ही पृष्ठभाग परस्परांशी जुळेपर्यंत, म्हणजे पहिल्या काहीशे किलोमीटरपर्यंत, ती क्षम्य मानावी. पुढेही टिकली, तर पॅडमागील शिम आणि कॅलिपरच्या कोरड्या पडलेल्या पिना पाहाव्यात. याउलट, ब्रेक न दाबताही चाकाबरोबर खरखर चालू राहिली, तर बहुधा डिस्कमागचा पातळ पत्रा दुरुस्तीच्या गडबडीत वाकलेला असतो. तो सरळ करणे सोपे. खड्ड्यांतून जाताना होणारा खडखडाट क्लिप बसवायची राहिल्याचे सुचवितो. मात्र ब्रेक दाबताच धातूवर धातू घासल्याचा नाद आला, किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, तर गाडी सुरक्षित जागी तत्काळ उभी करावी आणि तपासणी झाल्याखेरीज हलवू नये, असा माझा कळकळीचा आग्रह आहे. आवाज शमविण्यासाठी ग्रीस लावायचे ते पॅडच्या पाठीलाच. घर्षणाच्या बाजूस त्याचा थेंबही लागता कामा नये.