नेप्च्यूनियम : एका मूलद्रव्याची पाच रूपे

पनवेलची खाडी ठाणे खाडीस मिळते, तेथून पश्चिमेस पाण्यापलीकडे ट्रॉम्बेचा किनारा लागतो. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारे देशातील पहिले संयंत्र १९६४ मध्ये या किनाऱ्यावर उभे राहिले. अशा इंधनात प्लुटोनियमच्या जोडीस आणखी एक मूलद्रव्य अल्प प्रमाणात असते. ते म्हणजे नेप्च्यूनियम. मॅकमिलन व एबलसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये त्याचा शोध लावला. अणुभट्टीतील युरेनियमने न्यूट्रॉन सामावून घेतले म्हणजे ते निर्माण होते. त्याच्या २३७ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे २१ लाख वर्षे आहे; तेव्हा प्रमाण अल्प असले तरी ते अखेर कोठे जाते, हे पाहावेच लागते.

लोहाच्या क्षारांची हिरवी व तांबूस-पिवळी अशी दोन रूपे शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांच्या परिचयाची आहेत. नेप्च्यूनियमची अशी पाच रूपे असून त्यांची संयुजा तीनपासून सातपर्यंत असते. अम्लीय द्रावणात तीन संयुजेचे रूप जांभळे, चारचे पिवळट हिरवे, पाचचे हिरवे, तर सहाचे गुलाबी दिसते. सात संयुजेचे रूप अल्कधर्मी द्रावणातच टिकाव धरते. अडचण रंगांची नव्हे. चार, पाच व सहा ही रूपे एकाच पात्रात एकत्र नांदतात, ही आहे.

इंधन नायट्रिक अम्लात विरघळवून ते द्रावण रॉकेलसारख्या तेलात मिसळलेल्या ट्रायब्युटिल फॉस्फेटबरोबर घुसळले जाते. चार व सहा संयुजेचे नेप्च्यूनियम तेलात उतरते; पाच संयुजेचे अम्लातच मागे राहते आणि टाकाऊ द्रवाबरोबर निघून जाते. येथे नायट्रस अम्लाचे वर्तन मोठे चमत्कारिक आहे. ते किंचित असल्यास पाच संयुजेचे रूप सहाकडे जाण्यास साहाय्य होते. तेच अधिक झाल्यास सहाचे पुन्हा पाच होते. त्यामुळे त्याची मात्रा राखणे हे कौशल्याचे काम ठरते.

टाकाऊ द्रव पुढे बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंदिस्त करतात. दीर्घकाळात पाणी त्या काचेपर्यंत पोहोचलेच, तर पुन्हा संयुजेचाच प्रश्न उद्भवतो. ऑक्सिजनयुक्त पाण्यात पाच संयुजेचे रूप विद्राव्य असते, मातीस फारसे चिकटत नाही व पाण्याबरोबर वाहत जाते. ऑक्सिजनविरहित खोल खडकात मात्र चार संयुजेचा ऑक्साइड जवळजवळ अविद्राव्य राहतो. अशा काचेसाठी भूगर्भात खोलवरची जागा सुचविली जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.