किंमत उतरते, खर्च उतरत नाही

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या बोटींच्या जाहिराती चाळणाऱ्याला एक गणित हमखास भुरळ घालते. पन्नास-पंचावन्न फुटी स्पोर्टफिशिंग यॉट नवी घ्यायची तर आज कित्येक दशलक्ष डॉलर मोजावे लागतात. त्याच कंपनीची, तेवढ्याच लांबीची, पण १९८०च्या दशकात बांधलेली बोट एखाद्या मध्यम घराच्या किमतीपेक्षाही कमीत पदरात पडते. फोटोत ती झळझळीत दिसते, रंग ताजा असतो, आतले सागवान पॉलिश केलेले असते. मग वाटते की चाळीस टक्के लांबी कमी करून नवी बोट घेण्यापेक्षा ही काय वाईट? वाईट काही नाही, पण हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडलेला असतो. बोटीची बाजारातली किंमत वयाबरोबर उतरते. तिला पोसण्याचा खर्च मात्र तिची लांबी, वजन आणि इंजिनांची ताकद यांवर ठरतो, आणि वयाने यांतले काहीच कमी होत नाही. धक्क्यावरची जागा फुटावर आकारतात. बोट पाण्याबाहेर काढणे, तळाला रंग देणे हेही फुटावरच. वजन तर लांबीच्या घनाने वाढते: ३८ फुटी आणि ५४ फुटी बोटींची ठेवण सारखी धरली, तर दुसरी जवळजवळ तिप्पट भारी भरते. वर्षाचा खर्च किमतीच्या दहा टक्के धरावा असा एक ठोकताळा या धंद्यात सांगतात. कुठल्या किमतीच्या, हे विचारले की गोम कळते. नवी असताना पंधरा लाख डॉलरना गेलेली बोट आज दोन लाखांत मिळत असेल, तरी तिची बिले पंधरा लाखांच्या बोटीचीच येतात. म्हणून माझे म्हणणे असे की जुनी स्पोर्टफिशर घेणाऱ्याने वर्षाच्या खर्चापासून सुरुवात करावी आणि उलट दिशेने किमतीपर्यंत यावे. तसे केले की बहुतेकांच्या वाट्याला मनात भरलेल्या बोटीपेक्षा लहान आणि वयाने तरुण बोट येते.

ही बोट मुळात कशासाठी आहे ते समजले की खर्च कुठे जातो तेही समजते. मागच्या बाजूला पाण्यालगत उतरणारा मोकळा कॉकपिट, त्यात मासा ओढणाऱ्यासाठी पक्की बसवलेली फिरती खुर्ची, दोन्ही अंगांना गळ पसरवणारे लांब आउटरिगर, वर सुकाणूची फ्लायब्रिज, कधी त्याहूनही वर ॲल्युमिनियमचा मनोरा. पुढच्या अर्ध्या भागात केबिन, स्वयंपाकघर आणि झोपायची जागा. वेस्ट पाम बीचच्या रायबोविच कुटुंबाने १९४७ मध्ये बांधलेली ‘मिस शेवी टू’ ही पहिली आधुनिक स्पोर्टफिशर मानतात. ती लाकडी होती. १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंट या, समुद्रापासून बरेच आत असलेल्या, फर्निचरसाठी प्रसिद्ध गावात विलिस स्लेन यांनी हॅटेरस कंपनीची पहिली ४१ फुटी बोट फायबरग्लासमध्ये ओतून काढली. त्याच वर्षी रिचर्ड बर्ट्रम यांनी रे हंट यांच्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रातून पळवून मायामी–नासाउ शर्यत जिंकली, आणि त्या तळावरून निघालेली बर्ट्रम ३१ पुढे दोन दशके बनत राहिली. फायबरग्लास किती जाड हवा याचा अंदाज तेव्हा कुणालाच नव्हता, म्हणून सुरुवातीच्या कारखान्यांनी तो सढळ हाताने घातला. परिणाम असा की साठ वर्षांपूर्वीचे सांगाडे आजही शाबूत आहेत. जुन्या बोटींचे चाहते हे ठासून सांगतात, आणि ते खरे आहे. काही जुन्या तळांवर पाणी मुरून फोड येतात, पण ते दुरुस्त होतात आणि बोट त्यामुळे सहसा बुडत नाही. अडचण अशी की सांगाडा टिकला म्हणून बिले थांबत नाहीत, कारण बिलांचा मोठा वाटा सांगाड्याच्या पोटात बसलेल्या दोन इंजिनांचा असतो.

१९७० आणि ८०च्या दशकांतल्या मोठ्या स्पोर्टफिशरमध्ये बहुधा डेट्रॉइट डिझेलची टू-स्ट्रोक इंजिने सापडतात: ६व्ही-९२, ८व्ही-९२, १२व्ही-७१. नावातला दुसरा आकडा एका सिलिंडरचे आकारमान घनइंचांत सांगतो, म्हणजे ८व्ही-९२ हे ७३६ घनइंचांचे इंजिन. ७१ मालिका जनरल मोटर्सने १९३८ मध्ये आणली, त्यामुळे ही यंत्रे हातात घेतलेले मेकॅनिक भरपूर होते. आता ते निवृत्त होत चालले आहेत. ट्रकमध्ये साडेचारशेच्या आसपास अश्वशक्ती देणाऱ्या ८व्ही-९२कडून बोटीत सहाशे-सातशेपर्यंत काढून घेत. वर कामाची जातही निराळी. सपाट रस्त्यावर ट्रक आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरतो. पाण्यावर तरंगत धावणारी वीस-पंचवीस टनांची बोट म्हणजे न संपणारा कसारा घाट चढणारा ट्रक. म्हणूनच ट्रकमध्ये आणि मालवाहू नौकांत हजारो तास न कुरकुरता चाललेले इंजिन ताणलेल्या स्पोर्टफिशरमध्ये दीड-दोन हजार तासांनंतर उघडून बांधण्याच्या गोष्टी सुरू करते. मोठ्या बोटीची दोन्ही इंजिने पुरती बांधायची तर बिल लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकते. जाहिरातीतल्या किमतीत ही रक्कम मिळवायची की नाही, एवढ्यावरच सौदा ठरायला हवा.

इथे बहुतेक जण तासांच्या मीटरकडे पाहतात आणि आकडा कमी दिसला की खूश होतात. पस्तीस वर्षांची बोट आणि मीटरवर नऊशे तास: वर्षाला पंचवीस-सव्वीस तास. मला अशा बोटीची जास्त धास्ती वाटते. न चालणाऱ्या इंजिनातल्या हीट एक्स्चेंजरमध्ये आणि आफ्टरकूलरमध्ये खारे पाणी साचून राहते, एक्झॉस्टचे कोपरे आतून गंजतात, सील सुकतात, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचते आणि जंतू-बुरशी वाढते. दरवर्षी दोनशे तास चाललेली, तेल वेळेवर बदललेली, प्रत्येक कामाची पावती जपून ठेवलेली बोट तासांनी जास्त असली तरी भरवशाची. शिवाय यांत्रिक मीटर बदलता येतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांचा संगणक मात्र किती तास कोणत्या भारावर काढले याची नोंद ठेवतो, आणि ती उतरवून घेता येते. सतत पूर्ण थ्रॉटलवर पळवलेले इंजिन आणि ऐंशी टक्क्यांवर चालवलेले इंजिन यांचे तास एकच नसतात. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, त्यामुळे शेवटच्या दोनशे फेऱ्या सर्वांत महाग पडतात.

इंधनाचे म्हणाल तर उत्तर नकाशावर आहे. फ्लोरिडात पाम बीच आणि स्टुअर्टच्या समोर गल्फ स्ट्रीमचा प्रवाह किनाऱ्याच्या अगदी जवळून जातो. सकाळी निघालेला माणूस थोड्याच वेळात सेलफिशच्या पाण्यात पोचतो. तिथे एकतीस फुटी बर्ट्रमही पुरते आणि पंचावन्न फुटी बोट हा निव्वळ हौसेचा भाग ठरतो. न्यू जर्सीचे तसे नाही. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या याच राज्यात, बास नदीकाठच्या न्यू ग्रेटना गावी वायकिंग कंपनीचा कारखाना आहे, आणि तिथल्या बोटी मोठ्या होत गेल्या त्याला भूगोलही कारण आहे. ट्यूना आणि मार्लिनसाठी हडसन कॅन्यनसारख्या समुद्रतळाच्या घळीपर्यंत जायचे म्हणजे ऐंशीएक सागरी मैल. समजा, प्रत्येकी आठशे अश्वशक्तीची दोन इंजिने आहेत आणि बोट पंचवीस नॉटने जाते. डिझेल इंजिन एका गॅलनवर साधारण वीस अश्वशक्ती तासभर देते, तेव्हा त्या वेगाला तासाला साठ गॅलन सहज लागतात. जाऊन-येऊन १६० मैलांना जवळजवळ साडेसहा तास, म्हणजे सुमारे ३८० गॅलन. वर आठ तास गळ ओढत हळू फिरण्याचे शंभर. एका फेरीला ४८० गॅलन, आपल्या मापात अठराशे लिटर. गॅलनला चार डॉलर धरले तर एकोणीसशे डॉलर, आणि अजून आमिष, बर्फ, खलाशी यांचा पैसा धरलेलाच नाही. भाड्याची बोट दिवसाच्या ठरलेल्या दराने, तांडेलासकट मिळते. वर्षात आठ-दहा वेळाच समुद्रावर जाणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत.

तरीही बोट घ्यायचीच असेल, तर पैसे वाचवायची खरी जागा तपासणीचा दिवस आहे. खरेदीचा करार साधारण दहा टक्के अनामत ठेवून, तपासणीच्या अटीवर होतो. तपासणीचा आणि बोट उचलण्याचा खर्च घेणाऱ्याचा. अमेरिकेत बोटीच्या सर्व्हेअरला सरकारी परवाना लागत नाही, सॅम्स आणि नॅम्स या व्यावसायिक संस्थांचे सदस्यत्व हीच काय ती ओळख. म्हणून विकणाऱ्याच्या दलालाने सुचवलेला माणूस टाळावा, आणि सांगाड्याला एक, इंजिनांना दुसरा असे दोघे बोलवावेत. सांगाडा पाहणारा प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घेऊन तळ आणि डेक इंचाइंचाने ठोकत जातो. घट्ट जागा टणक वाजते. आतला बाल्सा लाकडाचा गाभा कुजला असेल तिथे आवाज भद्द येतो. खुर्चीच्या बुंध्याभोवती, आउटरिगरच्या पट्ट्यांखाली, मनोऱ्याचे पाय टेकतात तिथे, म्हणजे जिथे जिथे स्क्रूने डेकला भोक पाडले आहे तिथे, त्याचा हात जास्त रेंगाळतो. पुढच्या काचांतून पाणी गळणे हा जुन्या स्पोर्टफिशरचा इतका ठरलेला आजार की कित्येक मालकांनी त्या काचा कायमच्या फायबरग्लासने बुजवून टाकल्या. इंजिन पाहणाऱ्याची एकच मागणी असते: मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना निघणारा धूर, त्याचा रंग, तो किती वेळ टिकतो, यावरून त्याला निम्मे कळते. मग समुद्रात नेऊन पूर्ण थ्रॉटल. २३०० फेऱ्यांचे इंजिन २१०० वर अडले, तर पंखे जड आहेत, तळाला शिंपले आहेत किंवा इंजिन थकले आहे, आणि कोणतेही उत्तर स्वस्त नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात सोडियम निघाले तर खारे पाणी किंवा कूलंट आत शिरत असल्याचा संशय. मात्र एका नमुन्यापेक्षा आधीच्या मालकाने दरवर्षी काढलेल्या नमुन्यांची माळ कितीतरी मोलाची.

आता आक्षेप. जुना सांगाडा घ्यावा आणि त्यात नवी इंजिने बसवावीत, असे पुष्कळ जण सुचवतात. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात दोन नवी इंजिने, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट आणि पंखे यांचा खर्च बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि विकताना त्याचा थोडाच भाग परत मिळतो. याच कारणाने बाजारातला सगळ्यात चांगला सौदा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नुकतीच इंजिने बदललेली बोट. ती थोडी महाग दिसली तरी घ्यावी. दुसरा आक्षेप असा की नवी बोट घेतली तर घसारा खाऊन टाकतो. मान्य. म्हणून माझा कौल आठ-बारा वर्षांच्या, फोर-स्ट्रोक इलेक्ट्रॉनिक इंजिनांच्या मधल्या वयाच्या बोटीला आहे. मॅन किंवा एमटीयूच्या इंजिनांची ठरलेली देखभाल महाग असते, पण ती वेळापत्रकात असते. त्याहून जुनी बोट शोधणाऱ्याला १९९१ ते ९३ मधल्या बोटी मात्र कमी दिसतील. एक लाख डॉलरच्या वरच्या किमतीवर दहा टक्के चैनीचा कर १९९१ मध्ये लागला आणि नव्या बोटींची विक्री कोसळली. कारखाने बंद पडले आणि १९९३ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला.

तिसरा आक्षेप कमाईचा: भाड्याने देऊ, स्पर्धा जिंकू. पैसे घेऊन सहापर्यंत माणसे न्यायची तरी कोस्ट गार्डचा कप्तानाचा परवाना, अमली पदार्थांची चाचणी आणि वेगळा विमा लागतो, आणि परवानाधारक कप्तान नेमला की त्याचा पगार. मार्लिन आणि सेलफिश विकून तर काहीच येत नाही, कारण अटलांटिकमधले हे मासे विकायला १९८८ च्या मत्स्यव्यवस्थापन योजनेपासून बंदी आहे. निळा मार्लिन जबड्याच्या खालच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत ९९ इंचांपेक्षा आखूड असेल तर ठेवताही येत नाही. एवढा पैसा ओतून पकडलेला मासा समुद्रात परत सोडायचा, हे कोकणातल्या माणसाला पटणे कठीण. अमेरिकेत तो शिष्टाचार आहे. स्पर्धांची बक्षिसे डोळे दिपवणारी असतात खरी. नॉर्थ कॅरोलायनातल्या बिग रॉक स्पर्धेत २०२३ मध्ये ‘सेन्सेशन’ या बोटीने ६१९.४ पौंडांचा निळा मार्लिन आणला, सुमारे ३५ लाख डॉलर समोर दिसत होते, आणि शार्कने माशाचा लचका तोडल्याच्या कारणावरून तो बाद झाला. अशा उत्पन्नावर हप्ते ठरवू नयेत.

कागदपत्रांतल्या काही गोष्टी कुणी सांगत नाही. सागरी कायद्यात थकलेले देणे बोटीलाच चिकटते. दुरुस्तीच्या यार्डाचे, इंधनाचे, खलाशांच्या पगाराचे पैसे आधीच्या मालकाने बुडवले असतील, तर वसुली नव्या मालकाच्या बोटीवर येऊ शकते. संघराज्याकडे नोंदलेल्या बोटीचा मालकी-इतिहास वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्सच्या नोंदणी केंद्रातून मागवता येतो, पण नोंद न झालेले देणे त्यात दिसत नाही. ही संघीय नोंदणी फक्त अमेरिकन नागरिकालाच मिळते, ग्रीन कार्डवर मिळत नाही. तिथे राज्याच्या नोंदणीवर भागवावे लागते. फ्लोरिडात बोटीच्या विक्रीकराला १८ हजार डॉलरची कमाल मर्यादा आहे. सहा टक्क्यांच्या दराने ती तीन लाखांच्या वरच लागू पडते, म्हणजे स्वस्तात जुनी बोट घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही. आणि देकार देण्याआधी विम्याचा आकडा हातात असावा. वादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्या सहा महिन्यांत बोट अमुक अक्षांशाच्या उत्तरेला न्या किंवा वादळाची लेखी योजना द्या, अशी अट पॉलिसीत असू शकते. तीस वर्षांपलीकडच्या बोटीला काही कंपन्या दारात उभेही करत नाहीत. विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि बहुतेक मरिना धक्क्यावर जागाही देत नाहीत.